‘विलायत’ शब्दाचा अर्थनिर्णय : मक्केचे शरीफ हुसेन व सर हेन्री मॅकमहन यांचा पत्रव्यवहार (इ. स. १९१५-१६)

१. विषयप्रवेश

जुन्या कागदांचा अर्थ लावतांना एखाद्या शब्दाच्या व्याप्तीवरून वाद पडावा ही संशोधकांस नवी गोष्ट नव्हे. ‘प्रांत’, ‘तर्फ’, ‘महाल’ हे शब्द एकाच दप्तरांत कोठें काटेकोर अर्थानें, तर कोठें सैलपणें योजलेले आढळतात, आणि तेवढ्यावरून एखाद्या वतनाची हद्द चार गांवें इकडची तिकडे होते. परंतु अशाच एका शब्दावरून एक सबंध देश वचनाच्या आंत कीं बाहेर हा प्रश्न उभा राहावा, त्यावर मंत्र्यांनीं व न्यायाधीशांनीं वीस-पंचवीस वर्षें काथ्याकूट करावा, आणि तरीही उभयमान्य निर्णय होऊं नये, असें उदाहरण विरळाच.

पहिल्या महायुद्धांत मक्केचे शरीफ हुसेन इब्न अली व ईजिप्तमधील ब्रिटिश हाय कमिशनर सर हेन्री मॅकमहन यांच्यामध्यें जुलै १९१५ पासून मार्च १९१६ पर्यंत दहा पत्रें गेलीं-आलीं. त्यांतील एका पत्रांत आलेला ‘विलायत’ हा तो शब्द, आणि पॅलेस्टाइन हा तो देश. हा वाद कसा उत्पन्न झाला, दोनही पक्षांचें म्हणणें काय, आणि शब्दार्थाच्या नियमांनीं पाहतां कोणता अर्थ टिकतो, याचें विवरण येथें करावयाचें आम्हीं योजिलें आहे. मूळ, भाषांतर आणि बाजूचा कागद हीं तिन्ही एकत्र पाहिल्यावांचून लेखाचा अर्थ ठरवूं नये, ही गोष्ट या एका प्रकरणावरून जितकी स्पष्ट होते तितकी क्वचितच दुसऱ्या कशावरून होईल.

२. प्रसंग

१९१४ च्या ऑक्टोबरअखेर तुर्की साम्राज्य जर्मनीच्या बाजूनें युद्धांत उतरलें. पुढच्याच महिन्यांत कॉन्स्टँटिनोपल येथील शेख-उल-इस्लामानें फतवा काढून इंग्लंड, फ्रान्स व रशिया यांच्याविरुद्ध जिहाद हें मुसलमानांचें कर्तव्य ठरविलें. या फतव्यामागें बर्लिनचीही प्रेरणा होती. माक्स फॉन ओपेनहाइम या पूर्वदेशांच्या जाणकारानें हिंदुस्थान, ईजिप्त व काकेशस येथील मुसलमान प्रजेंत बंडाळी माजविण्याची योजना जर्मन सरकारपुढें मांडली होती, आणि त्या कामासाठीं बर्लिनमध्यें एक खास कचेरीही उघडली गेली. १९१५ सालीं काबूलच्या अमिराकडे जर्मन शिष्टमंडळ गेलें तें याच धोरणानें.

ब्रिटिशांच्या अमलाखालीं कोट्यवधि मुसलमान होते. तेव्हां सुलतान-खलिफाच्या हांकेस उतारा शोधणें त्यांस प्राप्त झालें, आणि तो उतारा मक्केंत होता. शरीफ हुसेन हे पैगंबरांच्या कुळांतले आणि १९०८ पासून मक्केचे अमीर. त्यांनीं जिहादास उघड अनुमति दिली असती तर फतव्याचें बळ दुणावलें असतें. त्यांनीं ती देण्याचें निरनिराळ्या सबबींवर टाळलें. त्यांचे पुत्र अब्दुल्ला यांचा कैरोशीं संबंध युद्धापूर्वींच जुळला होता, आणि युद्धारंभींच लॉर्ड किचनर यांनीं त्यांस मदतीचें आश्वासन धाडलें होतें. दुसरे पुत्र फैसल हे १९१५ सालीं दमास्कसला गेले असतां तेथील ‘अल्-फतात’ व ‘अल्-अहद’ या अरब गुप्त मंडळांनीं आपल्या अटी त्यांच्या हवालीं केल्या. अशा रीतीनें एका बाजूस खलिफाचा फतवा व जर्मन द्रव्य, दुसऱ्या बाजूस शरिफांचें कुलगौरव व ब्रिटिश द्रव्य, असा हा सामना होता.

येथें हिंदुस्थानचाही संबंध येतो. मॅकमहन हे हिंदुस्थान सरकारच्या परराष्ट्र खात्यांतून कैरोस गेलेले. सिमल्याच्या १९१४ च्या परिषदेवरून ‘मॅकमहन रेषा’ प्रसिद्ध झाली ते हेच. त्यांस अरबी येत नव्हतें. इकडे बसऱ्यास उतरलेली फौज हिंदी होती. तिच्यांतील सहाव्या डिव्हिजनला पुण्याचें नांव असून तींत मराठा पलटणींचे शिपाई होते. हीच डिव्हिजन कूत-अल्-अमारा येथें वेढ्यांत सांपडून २९ एप्रिल १९१६ रोजीं शरण गेली. बसरा व बगदाद आपल्या हातीं राहावे अशी हिंदुस्थान सरकारची इच्छा असल्यामुळें कैरोनें शरिफांस सढळ वचनें द्यावीं हें त्यास पसंत नव्हतें. लंडन, कैरो व दिल्ली यांचीं तोंडें तीन दिशांना होतीं, ही गोष्ट पत्रांची भाषा वाचतांना विसरतां कामा नये.

३. पत्रांचा क्रम

पहिलें पत्र २ रमजान १३३३, म्हणजे १४ जुलै १९१५ चें मानतात. वस्तुतः शरिफांच्या त्या पत्रावर सही नाहीं व तारीखही नाहीं. सोबत अब्दुल्ला यांनीं कैरोचे प्राच्य-चिटणीस रोनाल्ड स्टॉर्स यांस लिहिलेली चिठ्ठी होती, तिच्यावरून काल ठरतो. त्यांत मागितलेली अरब राज्याची हद्द अशी : उत्तरेस मर्सिन व अदाना येथून सदतिसाव्या अक्षांशानें इराणच्या सरहद्दीपर्यंत; पूर्वेस इराणची सरहद्द व बसऱ्याचें आखात; दक्षिणेस, एडन वगळून, हिंदी महासागर; पश्चिमेस तांबडा समुद्र व भूमध्यसमुद्र. पॅलेस्टाइन या चतुःसीमेंत सहजच येतें.

मॅकमहन यांनीं ३० ऑगस्टच्या उत्तरांत सीमांची चर्चा अकालीं आहे असें सांगून विषय टाळला. ९ सप्टेंबरच्या पत्रांत शरिफांनीं या थंडपणाबद्दल स्पष्ट नाराजी दाखविली.

यानंतर वारें फिरलें. गॅलिपोलीची मोहीम फसत चालली होती. तेवढ्यांत मुहम्मद शरीफ अल्-फारुकी नांवाचा मोसलकडचा एक तरुण अरब अधिकारी तुर्की सैन्यांतून फुटून ब्रिटिशांकडे आला. अरब गुप्त मंडळांचें सामर्थ्य त्यानें फार वाढवून सांगितलें. त्वरा केली नाहीं तर अरब जर्मनांस मिळतील, असा अर्थ कैरोंतील अधिकाऱ्यांनीं काढला. दमास्कस, होम्स, हमा व अलेप्पो हीं चार शहरें अरब फ्रेंचांस देणार नाहींत, ही गोष्ट त्याच्या बोलण्यांतून पुढें आली. परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांनीं मॅकमहन यांस सीमांविषयीं वचन देण्याची मोकळीक दिली, आणि २४ ऑक्टोबर १९१५ रोजीं वादाचें मूळ असलेलें पत्र निघालें. उरलेलीं पत्रें त्याच्याच खुलाशाचीं व घासाघिशीचीं आहेत. शेवटचें १० मार्च १९१६ चें.

४. वादाचें वाक्य

२४ ऑक्टोबरच्या पत्राचा आशय असा : मर्सिन व अलेक्झांड्रेटा हे दोन भाग, आणि दमास्कस, होम्स, हमा व अलेप्पो यांच्या ‘विलायतां’च्या पश्चिमेस असलेले सीरियाचे भाग निव्वळ अरब म्हणतां येत नाहींत, म्हणून ते मागितलेल्या सीमेंतून वगळावे. हा फेरबदल करून, आणि फ्रान्स या दोस्ताच्या हितास बाध न आणतां जेथें इंग्लंड मोकळेपणीं वागूं शकतें तेथें, अरबांचें स्वातंत्र्य इंग्लंड मान्य करील. पुढें बगदाद व बसरा या विलायतींत ब्रिटिशांच्या हितासाठीं खास व्यवस्था असावी, असें कलम आहे.

पॅलेस्टाइन अथवा जेरुसलेम हें नांव या वाक्यांत नाहीं. इतकेंच नव्हे, तर दहाही पत्रांत पॅलेस्टाइनचा नामनिर्देश नाहीं.

आतां शब्दाकडे वळूं. ‘विलाया’ हा अरबी शब्द. अधिकार, आणि त्यावरून अधिकाराखालील मुलूख, हा त्याचा मूलार्थ. आपल्या ‘वाली’ शब्दाचें मूळही त्याच धातूंत आहे. फारसीच्या द्वारें तो आपल्याकडे आला आणि परमुलूख या अर्थावरून सरकत सरकत इंग्लंडवर जाऊन बसला. तुर्की राज्यकारभारांत मात्र १८६४ च्या कायद्यानें त्यास ठराविक अर्थ आला : विलायत म्हणजे सुभा, त्यावर वाली, तिच्याखालीं संजक म्हणजे जिल्हा, त्याखालीं कझा म्हणजे तालुका. अर्थात् १९१५ सालीं या शब्दाचे दोन अर्थ चालू होते. एक कचेरींतला, सुभा हा. दुसरा अरबी लेखनांतला सैल, एखाद्या शहराभोंवतींचा मुलूख हा.

मॅकमहन यांचें मूळ इंग्रजींत लिहिलें गेलें. त्याचें अरबी भाषांतर कैरोच्या कचेरींत रूही नांवाच्या कारकुनानें केलें व तें स्टॉर्स यांनीं तपासलें. रूही यांचें अरबी बरें होतें, पण खोल नव्हतें, आणि पुष्कळदां काम घाईनें उरकावें लागे, हें स्टॉर्स यांनीं स्वतः १९३७ सालच्या आपल्या आत्मवृत्तांत नमूद केलें आहे. इंग्रजींत चार शहरांसाठीं ‘जिल्हा’ अशा अर्थाचा शब्द असून बगदाद व बसरा यांसाठीं मात्र ‘विलायत’ हा तुर्की शब्द आहे. अरबींत दोनही ठिकाणीं ‘विलायत’च आहे. मुळांत जो भेद होता तो भाषांतरांत नाहींसा झाला, आणि शरिफांच्या हातीं पडलें तें भाषांतर.

५. पूर्वपक्ष

युद्धानंतर पॅलेस्टाइन ब्रिटिशांच्या मँडेटखालीं गेलें. १९१७ च्या बाल्फर घोषणेनें तेथें ज्यू लोकांसाठीं राष्ट्रीय गृहाचें वचन दिलें होतें. तेव्हां अरबांनीं विचारलें कीं, जें आम्हांस दिलें तें दुसऱ्यास कसें देतां? ब्रिटिश सरकारचें उत्तर चर्चिल यांच्या १९२२ च्या श्वेतपत्रिकेंत आहे. दमास्कसची विलायत म्हणजे दमास्कस ज्याची राजधानी तो सुभा. हा सुभा जॉर्डन नदीच्या पूर्वेकडून दक्षिणेस दूरवर जातो. त्याच्या पश्चिमेस बैरुतची विलायत व जेरुसलेमचा स्वतंत्र संजक येतात. म्हणून जॉर्डनच्या पश्चिमेचें पॅलेस्टाइन वगळलें गेलें.

या मतास दुसरा आधार फ्रान्सच्या हिताच्या कलमाचा. १९१५ सालीं फ्रान्स पॅलेस्टाइनसह सबंध सीरियावर हक्क सांगत होतें, सबब तेथें इंग्लंड मोकळें नव्हतें. तिसरा आधार खुद्द मॅकमहन यांच्या साक्षीचा. १९३७ च्या जुलैंत त्यांनीं लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत लिहिलें कीं, पॅलेस्टाइन देण्याचा आपला हेतु नव्हता व शरिफांसही तें ठाऊक होतें.

६. उत्तरपक्ष

मीमांसकांचा नियम आहे कीं, एकदां उच्चारलेला शब्द एका वेळीं एकच अर्थ देतो. येथें ‘विलायत’ शब्द चार शहरांस मिळून एकदांच लावलेला आहे. तो सुभा या अर्थानें घ्यावयाचा तर चौघांस त्याच अर्थानें लागला पाहिजे. परंतु दमास्कस हें सीरिया सुभ्याचें मुख्य ठाणें. हमा हा त्याच सुभ्यांतला संजक. होम्स ही हमाच्या संजकांतली कझा. सुभा म्हटलें कीं होम्स व हमा हे दोनही शब्द पुनरुक्त ठरतात. राहिलें अलेप्पो. ती खरी विलायत, पण तिची हद्द समुद्रास भिडलेली. तिच्या पश्चिमेस जमीनच नाहीं, वगळणार काय? येथें वाक्य व्यर्थ होतें. याच अरबी पत्रांत मर्सिन व अलेक्झांड्रेटा यांसही ‘विलायत’ म्हटलें आहे. प्रत्यक्षांत मर्सिन हा अदाना सुभ्यांतला संजक, आणि अलेक्झांड्रेटा अलेप्पो सुभ्यांतली कझा. यावरून या वाक्यांत शब्द कचेरींतल्या अर्थानें योजलेला नाहीं हें उघड होतें. बगदाद व बसरा हे खरे सुभे आहेत खरे. परंतु तेथें शब्द बरोबर पडला म्हणून इतरत्रही तो तसाच घ्यावा असें म्हणतां येत नाहीं.

उलट, शहराभोंवतींचा मुलूख हा अर्थ घेतां चारही नांवें सार्थ होतात. हीं चार शहरें दक्षिणोत्तर एका ओळींत आहेत, आणि क्रूसेडांच्या काळींही तीं ख्रिस्ती राजांच्या हातीं गेलीं नाहींत. त्यांच्या पश्चिमेस लेबनॉन व सीरियाचा उत्तर किनारा येतो. पॅलेस्टाइन दमास्कसच्या नैर्ऋत्येस, या ओळीच्या खालीं पडतें.

वाक्यांत दिलेला हेतुही पाहावा. ‘निव्वळ अरब म्हणतां येत नाहीं’ हें वगळण्याचें कारण. मिश्र वस्तीच्या उत्तर किनाऱ्यास तें कसेंबसें लागू पडेल. पॅलेस्टाइनला लागू पडत नाहीं. युद्धानंतर १९२२ सालीं झालेल्या खानेसुमारींतही सुमारें साडेसात लाख वस्तींत ज्यू सुमारें ८४ हजार होते; बाकी बहुतेक अरब, मुसलमान व ख्रिस्ती. हेतु जेथें नाहीं तेथें पर्युदास लावणें हें शास्त्रास धरून नाहीं.

ब्रिटिश अर्थाची खरी अडचण तर पुढेंच आहे. सुभा हा अर्थ केवळ अरबी शब्दावरून काढतां येईल. इंग्रजी मुळांत त्या जागीं तो शब्दच नाहीं. तेथें लेखकानें चार शहरांस एक शब्द व बगदाद-बसऱ्यास दुसरा शब्द बुद्ध्या योजलेला दिसतो. म्हणजे ज्यांनीं पत्र लिहिलें त्यांचेच वारस आपलें मूळ सोडून भाषांतराच्या आश्रयास गेले.

फ्रान्सच्या कलमाचा आक्षेप मात्र इतका हलका नाहीं, आणि तो झटकून टाकणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. त्या कलमानें कोणता मुलूख मोकळा व कोणता बांधलेला हें ठरत नाहीं. निर्णय लांबणीवर पडतो. डिसेंबर १९१५ च्या पत्रांत मॅकमहन यांनीं फ्रान्सचें हित अलेप्पो व बैरुत या दोन विलायतींच्या संबंधांत काढलें. बैरुतच्या सुभ्यांत एकर व नाब्लुस हे उत्तर पॅलेस्टाइनचे संजक मोडत होते, हें खरें. जेरुसलेमचा संजक मात्र त्यांत नव्हता, आणि त्याविषयीं पत्रें मूक आहेत. शरिफांनींही बैरुतच्या किनाऱ्याचा प्रश्न युद्धानंतर काढण्याचें सांगून सोडून दिला. तात्पर्य, ‘विलायत’ शब्दानें पॅलेस्टाइन वगळलें जात नाहीं. फ्रान्सच्या कलमानें तें संदिग्ध राहतें. ही संदिग्धता उभय पक्षांस त्या वेळीं सोयीची होती.

७. बाजूचे कागद

मॅकमहन यांची १९३७ ची साक्ष बावीस वर्षांनंतरची. तिच्यासमोर त्यांचाच दुसरा कागद ठेवावा. पत्र गेल्यावर दोनच दिवसांनीं, २६ ऑक्टोबर १९१५ रोजीं, त्यांनीं ग्रे यांस खुलासा धाडला. त्यांत वगळलेला मुलूख म्हणून मर्सिन, अलेक्झांड्रेटा व सीरियाच्या उत्तर किनाऱ्यावरील भाग यांचा निर्देश आहे, पॅलेस्टाइनचा नाहीं. प्रसंगाला जवळचा कागद दूरच्या स्मरणापेक्षां बलवत्तर मानावा, हा आपला नेहमींचा संकेत येथें लावण्यास प्रत्यवाय दिसत नाहीं.

दुसरा कागद युद्ध मंत्रिमंडळाच्या पूर्व समितीचा. ५ डिसेंबर १९१८ च्या बैठकींत लॉर्ड कर्झन यांनीं पॅलेस्टाइन हें अरबांस वचन दिलेल्या मुलुखांत येतें असें सांगितल्याची नोंद आहे. खुद्द ग्रे यांनीं १९२३ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्समध्यें सरकारच्या अर्थाविषयीं शंका व्यक्त करून पत्रें छापण्याची मागणी केली.

तरी पत्रें छापलीं गेलीं नाहींत. १९३८ सालीं जॉर्ज अँटोनियस यांनीं अरबी मुळावरून इंग्रजी भाषांतरें आपल्या ग्रंथांत दिलीं, तेव्हां कोठें पुढच्या वर्षीं सरकारनें तीं प्रसिद्ध केलीं व लॉर्ड चॅन्सलर मोम यांच्या अध्यक्षतेखालीं ब्रिटिश व अरब प्रतिनिधींची समिती बसविली. मार्च १९३९ च्या तिच्या निवेदनांत अर्थाबाबत मतभेद कायम राहिला. परंतु अरबांचें म्हणणें पूर्वीं वाटलें त्याहून बळकट आहे, आणि तेथील रहिवाशांच्या इच्छा व हित यांस डावलून पॅलेस्टाइनची वासलात लावण्यास ब्रिटिश सरकार मोकळें नव्हतें, हें ब्रिटिश बाजूनें कबूल केलें. त्यानंतरही, सरकारी दप्तरें अभ्यासकांस खुलीं झाल्यावर, एली केदुरी यांनीं १९७६ सालीं ब्रिटिश पक्षास बराच अनुकूल असा ग्रंथ लिहिला, व इतरांनीं त्याचें खंडन केलें. वाद आजही संपलेला नाहीं.

८. फल

शरिफांचें बंड १० जून १९१६, म्हणजे ९ शाबान १३३४ रोजीं मक्केंत उघडपणें सुरू झालें. त्याच्या एकच महिना आधीं इंग्लंड व फ्रान्स यांनीं सायक्स-पिको करारानें सीरिया व इराक आपसांत वांटून घेतले होते व पॅलेस्टाइन आंतरराष्ट्रीय व्यवस्थेखालीं ठेवण्याचें ठरविलें होतें. नोव्हेंबर १९१७ मध्यें रशियाच्या बोल्शेव्हिक सरकारनें हा करार छापला, आणि तुर्की सेनापति जमाल पाशा यांनीं तो फैसल यांस फोडण्यासाठीं तत्काळ वापरला. पुढें जुलै १९२० मध्यें फ्रेंचांनीं फैसल यांस दमास्कसमधून घालवून दिलें. जीं चार शहरें अरबांचीं म्हणून पत्रांत नांवनिशीवार लिहिलीं होतीं, तींही अशा रीतीनें त्यांच्या हातीं उरलीं नाहींत.

शरीफ हुसेन हे १९१६ सालीं हेजाझचे राजे झाले, १९२४ सालीं राज्यत्याग करून निघाले, सायप्रसमध्यें राहिले, आणि जून १९३१ मध्यें अम्मान येथें वारले. त्यांस मूठमाती जेरुसलेम येथें देण्यांत आली. जें नांव त्यांच्या पत्रांत एकदांही आलें नाहीं, त्या नगरींत ते विसावले.

९. उपसंहार

युद्धाच्या घाईंत लिहिलेल्या लेखांत संदिग्ध शब्द सहसा अज्ञानानें येतो आणि सोयीनें राहतो. तो राहूं दिला कीं त्याचें मोल पुढची पिढी भरते. आणि ज्यांच्या भूमीविषयीं तो असतो त्यांस लिहिण्याच्या वेळीं कोणी विचारलेलें नसतें. पॅलेस्टाइनच्या रहिवाशांचें असेंच झालें.

आमच्या संग्राहक मित्रांस सांगणें इतकेंच कीं, दुभाषी कागद हातीं आला तर एकच प्रत ठेवून दुसरी निरुपयोगी म्हणून टाकूं नये. करारनामा फारसींत व मराठींत, किंवा मराठींत व इंग्रजींत असेल तर दोनही मजकूर ओळीस ओळ लावून उतरून घ्यावे. सोबतची चिठ्ठी, मसुदा, कारकुनाची खूण, पाठवणाऱ्यानें आपल्या वरिष्ठास केलेला खुलासा, हीं सर्व त्याच रुमालांत बांधावीं. शरिफांच्या पहिल्या पत्रास काल मिळाला तो सोबतच्या चिठ्ठीमुळें, आणि ‘विलायत’ शब्दास अर्थ मिळतो तो दोन दिवसांनंतरच्या खुलाशामुळें. इत्यलम्.